बुधीबाईंनी पाहिलेले हात

तलासरीहून संगीताचा फोन आला तेव्हा मी देवघरात नैवेद्याच्या ताटावर झाकण ठेवत होतो. शिमगा आठवड्यावर आला होता, आणि खिडकीतून दिसणाऱ्या चिकूच्या वाडीत दुपारची स्तब्धता होती. संगीता ही बुधीबाईंची भाची. तिने फार शब्द वापरले नाहीत. आत्या सकाळी गेली, झोपेतच गेली, एवढेच सांगितले आणि थोड्या वेळाने पुढे म्हणाली, "गुरुजी, कालच विचारत होती तुमच्याबद्दल... नखं कापतात का म्हणून." मी हो म्हणालो. फोन ठेवला. रामरायाला हात जोडले, तेव्हा माझ्याच जोडलेल्या हातांकडे माझे लक्ष गेले आणि मग बराच वेळ मला ते खाली घेता आले नाहीत.

बुधीबाई माझ्या नात्यातल्या नव्हत्या, माझ्या शाळेतल्या नव्हत्या, आणि ज्या अर्थाने जग मैत्री म्हणते त्या अर्थाने आम्ही मित्रही नव्हतो. मी डहाणूच्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस. आशागडपासून थोडे आत आमची वस्ती आहे, तिथल्या लहानशा राममंदिराची पूजा वडिलांनंतर माझ्याकडे आली. बुधीबाई या सायवनकडच्या एका पाड्यावर जन्मलेल्या. बुधवारी जन्मल्या म्हणून बुधी. पुढची पुष्कळ वर्षे त्यांनी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत स्वयंपाक केला आणि तिथून मोकळ्या झाल्यावर त्या आमच्या शेजारच्या पाड्यावर भावाच्या घरी राहायला आल्या. मंदिराच्या उत्सवाला महाप्रसाद रांधायला माणूस हवा होता, आणि शंभर-दोनशे पानांचा स्वयंपाक हा त्यांच्या हातचा मळ होता. अशा रीतीने त्या आमच्याकडे आल्या.

आमच्या मंदिरात दोन चुली पेटत असत, हे इथे सांगितले पाहिजे. एक आत, गाभाऱ्याला लागून असलेल्या छोट्या पाकशाळेत. तिथे फक्त नैवेद्य होई, तो मी करी, आणि तो सोवळ्यात होई. पहाटे स्नान करून ओलेत्याने वाळवलेले धोतर नेसायचे आणि त्यानंतर कोणाला शिवायचे नाही, हा वडिलांपासूनचा क्रम होता. दुसरी चूल बाहेर, मांडवात. तिथे भात, आमटी, भाजी गावासाठी शिजे, आणि ती बुधीबाईंची. या दोन चुलींमध्ये वीस पावलांचे अंतर होते. ते किती मोठे होते हे त्या काळी मला कळत नव्हते.

पहिल्याच उत्सवात त्यांनी मांडवातल्या नळाला कांद्याच्या जाळीची पिशवी टांगली आणि तिच्यात साबणाची वडी घातली. वाढायला आलेल्या प्रत्येकाला आधी नळाकडे पाठवायचे, मग स्वतः त्याचे हात उलटसुलट करून पाहायचे, आणि मगच त्याच्या हातात पळी द्यायची. पाण्याच्या पिंपात कोणी पेला बुडवलेला त्यांना खपत नसे. लांब दांड्याचे ओगराळे असे, त्यानेच पाणी काढायचे. भात एकदम सगळा शिजवत नसत. एक पंगत उठू लागली की पुढच्या पंगतीचे आधण. आमच्या मंडळाचे अध्यक्ष नटूभाई हे चिकूचे जुने व्यापारी, मनाने मोकळे, जिभेनेही मोकळे. ते थट्टेने म्हणत, "बाई, तुमी जेवण बनवते का ऑपरेशन करते?" त्यावर बुधीबाई मान वर न करता म्हणत, "जेवान नीट नाय झालं तर मग डाक्टर करील तो ऑपरेशन, शेठ." मांडवात हशा पिके. मीही आतून हसत असे. त्या हसण्यात थोडे कौतुक होते आणि थोडा, आता कबूल करायला हवे, वरचढपणा होता. बिचारीला साबणाचे शुद्धीकरण ठाऊक आहे, सोवळ्याचे कुठून असणार, असे काहीसे मनात येई.

हा कडवा नेम त्यांना कुठून लागला, ते त्यांनी एकदा भाजी निवडता निवडता सांगितले होते. आश्रमशाळेत नव्या असताना सकाळचा उरलेला भात त्यांनी झाकून ठेवला, संध्याकाळी वाफ येईपर्यंत गरम केला आणि मुलींना वाढला. त्या मुलींमध्ये त्यांच्याच पाड्यावरची एक होती. मुली एकामागून एक ओकू लागल्या. सगळ्या वाचल्या, पण पाड्यावरची ती मुलगी घरी आली तेव्हा तिच्या आईने बुधीबाईंच्या दारावरून जाताना तोंड फिरवले. "डाक्टरनी मला सांगलं, भात गरम केला म्हंजे ताजा होत नाय. त्यातलं विख तापवून मरत नाय," त्या म्हणाल्या. "तवापासनं मी भाताला विचारत नाय, घड्याळाला विचारते." एवढे बोलून त्या पुन्हा पालेभाजीच्या काड्या मोडू लागल्या. आपली चूक इतक्या सरळपणे सांगणारे माणूस मी तोवर पाहिले नव्हते. आणि लवकरच मला त्या सरळपणाची गरज पडणार होती, हेही माहीत नव्हते.

त्या वर्षीच्या रामनवमीच्या तीन दिवस आधी नारळ सोलताना कोयता निसटला आणि माझ्या उजव्या हाताचे पहिले बोट कापले. जखम मोठी नव्हती. माझ्या पत्नीने, मालतीने, हळद भरली आणि वर दवाखान्यातून आणलेली पट्टी बांधली. नवमीच्या सकाळी पाहिले तर बोट किंचित सुजले होते आणि जखमेच्या कडेला थोडा पू धरला होता. मी विहिरीवर स्नान केले, सोवळे नेसलो आणि नैवेद्याला निघालो. वाटेत मांडव लागे. बुधीबाई चूल पेटवत होत्या. त्यांनी दुरूनच माझा हात पाहिला आणि उठून उभ्या राहिल्या. मला शिवायचे नाही हे त्यांना ठाऊक होते, म्हणून चार हात अंतर राखून म्हणाल्या, "गुरुजी, हात दाखवा." मी पट्टी जराशी सरकवून दाखवला. "पू हाय. आज पोहे दुसऱ्या कोनाला कालवू द्या. नाय तर पट्टी ऱ्हाऊ द्या, नि पळीनं कालवा."

नारळाच्या दुधातले पोहे हा आमच्या रामाचा नवमीचा नैवेद्य. गूळ, वेलदोडा आणि दाट नारळाचे दूध घालून ते हातानेच कालवायचे अशी रीत होती. पळीने कालवलेला नैवेद्य आमच्या घरात कोणी केला नव्हता. आणि पट्टी... ती दवाखान्यातली, कोणत्या हातांतून आलेली, तिला सोवळ्यात स्थान नव्हते. मी बुधीबाईंना हसून सांगितले की देवाच्या कामाला काही होत नाही. पाकशाळेच्या उंबऱ्यापाशी मी पट्टी सोडली, बाहेर ठेवली आणि उघड्या बोटाने आत गेलो. मला पट्टी अशुद्ध वाटली. तिच्या खालची जखम अशुद्ध वाटली नाही. ज्याच्या अंगावर वाहती जखम आहे त्याने पाकशाळेत शिरू नये, असे मी स्वतः लहानपणी गुरुगृही ऐकले होते; ते त्या सकाळी मला आठवले नाही, कारण उत्सवाच्या दिवशी माझ्या जागी दुसरा कोणी उभा राहील ही कल्पनाच मला सोसणारी नव्हती. सोवळे मी नेसलो होतो. अहंकार काढून ठेवायचे मात्र राहिले होते.

पोहे सकाळी आठाच्या सुमारास कालवले. बाराला जन्म झाला, नैवेद्य दाखवला. त्यानंतर प्रसाद लगेच वाटायचा, पण त्या वर्षी एक पाहुणे आले होते, त्यांचे भाषण लांबले, मग सत्कार झाले, मग छायाचित्रे. चैत्राचे ऊन पत्र्याच्या मांडवावर तळपत होते आणि पितळेचे पातेले गाभाऱ्याच्या दाराशी तसेच होते. प्रसाद लोकांच्या हातावर पडला तेव्हा तीन वाजून गेले होते. वाढवणहून आलेली कोळी मंडळी, सायवनकडचे शेतकरी, आमच्या वस्तीतली घरे, सर्वांनी तो भक्तीने घेतला. मालतीचा उपवास होता. तिने मांडवात पान घेतले नाही. प्रसादाचे दोन घास तेवढे खाल्ले.

दिवेलागणीच्या आधीच घराघरांतून निरोप येऊ लागले. ओकाऱ्या, पोटात कळा, हातपाय गार. मालतीला मी रिक्षाने सरकारी दवाखान्यात नेले तेव्हा ती माझ्या खांद्यावर मान टाकून बसली होती आणि माझ्या हाकेला ओ देत नव्हती. तिला सलाइन लावले. त्या खोलीत आमच्याच मंदिरातून आलेली आणखी बरीच माणसे होती. रामकृपेने कोणी दगावले नाही. मालती तीन दिवसांनी घरी आली, सगळ्यांत उशिरा. पण पहिल्या संध्याकाळी तिच्या खाटेशी बसलो असताना मला एक गोष्ट लख्ख कळली होती : हिने मांडवातले काहीच खाल्ले नाही.

दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका मंदिरात आली. कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, सगळे विचारून वहीत लिहीत होती. मला तिने विचारले, की प्रसाद करणाऱ्याला ताप, जुलाब, हाताला जखम असे काही होते का. माझा उजवा हात उपरण्याखाली होता. मी म्हणालो, "प्रसाद सोवळ्यात केलेला असतो." तिने ते लिहून घेतले. मी खोटे बोललो नव्हतो. आयुष्यभर शब्दांचा अभ्यास केलेल्या माणसाला खोटे न बोलता सत्य कसे लपवावे हे चांगले जमते... तेवढ्यापुरती माझी विद्या माझ्या कामी आली.

गावाने मग स्वाभाविकच मांडवातल्या चुलीकडे पाहिले. देवाच्या नैवेद्यावर संशय घ्यावा असे कोणाच्या मनात येणे शक्य नव्हते. मंडळाची बैठक झाली, तिला मी हजर होतो. नटूभाईंनाही वाईट वाटत होते. ते म्हणाले, बाई चांगली आहे, पण आता तिच्या हातचे लोक खाणार नाहीत, तर काय करायचे. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही बोललो नाही. माझे मौन त्यांनी संमती समजून घेतले, आणि ते बरोबरच होते. त्याच संध्याकाळी बुधीबाई मंदिराचा मोठा झारा आणि ओगराळे घासूनपुसून घेऊन आल्या, पायरीवर ठेवले, देवाला हात जोडले आणि गेल्या. जाताना नळाकडे वळून पाहिले. साबण संपत आला होता.

त्या उन्हाळ्यात त्यांना लग्नांची बोलावणी आली नाहीत. ज्या पाड्यांवर त्यांच्या हातच्या आमटीवाचून लग्न होत नसे, तिथे दुसरे आचारी गेले. आश्रमशाळेतली ती जुनी गोष्ट कोणीतरी उकरून काढली आणि तिला नवे शेपूट जोडले. हे सगळे माझ्या कानावर येत होते. मी रोज पूजा करत होतो. मालती माझ्या बोटाची पट्टी रोज बदलत होती, जखम भरेपर्यंत. एका सकाळी ती पट्टी गुंडाळता गुंडाळता एवढेच म्हणाली, "मी त्या दिवशी फक्त पोहे खाल्ले होते." तिने माझ्याकडे पाहिले नाही आणि तो विषय पुन्हा कधी काढला नाही. पण त्यानंतर मला संध्या करताना पळी हातात धरवेना.

जवळजवळ तीन महिने असे गेले. आषाढ लागता लागता मी एकटाच चालत बुधीबाईंच्या घरी गेलो. ओसरीवर त्या नाचणी निवडत होत्या. मला पाहून उठल्या, कळशीतले पाणी आणि साबण पुढे केला, आणि मी हात धुऊन होईपर्यंत वाट पाहिली. मग माझा उजवा हात हातात घेऊन ते बोट पाहिले. व्रण उरला होता. मी जे बोलायचे ठरवून गेलो होतो ते सगळे एका दमात बोललो, आणि शेवटी म्हणालो, की मला क्षमा करा.

"मला ठावं होतं," त्या म्हणाल्या. "सकाळी बोट बघलं, नि सांजचं कोन कोन आजारी पडलं ते ऐकलं. ज्यांनी नुसता परसाद घेतला नि घरी गेले तेपन पडले."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"मी बोलले असते तर कोनाला खरं वाटलं असतं?" त्यांनी माझा हात सोडला. "नि गुरुजी, माझ्या हातचं नाय तर दुसरीच्या हातचं लोक खातील. पन तुमच्या हातावरचा इस्वास गेला तर म्हातारी मानसं देवळात येताना कचरतील. असं वाटलं मला."

मी खाली मान घातली. तेव्हा त्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी मांडवात पुष्कळदा ऐकला होता, कोणी न धुतल्या हाताने पळी उचलली की.

"माफी तुमच्यापाशीच ठेवा, मला तिचं काय करायचं? पट्टी का सोडली ते सांगा. सगळ्यांसमोर सांगा. नाय तर पुढच्या साली दुसऱ्या कोनाचं बोट असंल, नि दुसऱ्या कोनाची बायको."

मी घरी परतताना पाय जड नव्हते. कुणीतरी आपल्याला नेमके काय करायचे ते सांगितले, की पापाचे ओझे कर्तव्याचे होते, आणि कर्तव्य उचलण्याची सवय मला होती.

चातुर्मासात मंदिरात रोज संध्याकाळी मी पोथी सांगतो. पहिल्याच दिवशी, सगळे बसल्यावर, मी पोथीचे रेशमी वस्त्र सोडले नाही. म्हणालो, आज आधी माझे ऐका. कोयता निसटल्यापासून उपरण्याखाली हात लपवण्यापर्यंत, क्रमाने, काही न गाळता सांगितले. जखमेतल्या पुवात असे सूक्ष्म जंतू असतात की जे ओलसर गोड अन्नात उन्हाच्या उबेने तासातासाला वाढतात आणि आपले विष मागे ठेवतात, ते दिसत नाही, त्याला वास नसतो, आणि तापवूनही ते जात नाही, हे आरोग्यसेविकेकडून पुन्हा समजून घेऊन आलो होतो, तेही सांगितले. आरोग्यसेविकेला आधी जाऊन भेटलो होतो. तिने वही काढून जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली, रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते.

नटूभाई अस्वस्थ होऊन म्हणाले, "गुरुजी, हे खाजगीमधी बोलायचं होतं." तेवढ्यात मागे खांबाला टेकून बसलेला सायवनकडचा एक वृद्ध शेतकरी, जो स्वतः त्या दिवशी दवाखान्यात होता, शांतपणे म्हणाला, "म्हंजे बोट गुरुजींचं, नि बोलनी बुधीला." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्या एका वाक्याने जे झाले ते माझ्या तासाभराच्या बोलण्याने झाले नसते. दुसऱ्या दिवशी नटूभाई स्वतः माझ्याबरोबर बुधीबाईंच्या ओसरीवर आले आणि खाली बसले. म्हणाले, "बाई, चुकी आमची झाली. तुमी चुलीवर पाछी या."

त्या आल्या, पण अट घालून आल्या. जो नेम बाहेरच्या चुलीला तोच आतल्या चुलीला. मी म्हणालो, आत साबण कसा चालेल, त्यात चरबी असते. त्या म्हणाल्या, "मग खोबऱ्याच्या तेलाचा आना. देवाला नारळ चालतो ना?" आम्ही डहाणूच्या बाजारातून तसा साबण शोधून आणला. हात किती वेळ चोळायचे असे मी विचारले, तर त्यांनी ते माझ्यावरच सोपवले. मी रोज म्हणतो ती छोटी रामस्तुती सावकाश म्हटली तर हात पुरेसे धुतले जातात असे ठरले. पुढे त्यांनी ती ऐकून ऐकून पाठ केली आणि वाढप्यांकडून म्हणून घेऊ लागल्या. कोणी भरभर म्हटली की "परत, पहिल्यापासनं," असे म्हणत. मी चाळीस वर्षे संस्कृत शिकवले, पण माझ्या वर्गात कोणी इतक्या एकाग्रतेने उच्चार केल्याचे मला आठवत नाही. मी उपरण्याला हात पुसला तर त्या म्हणत, "उपरनं खांद्याला. हाताला पंचा येगळा."

सगळ्यात अवघड प्रश्न होता उरलेल्या प्रसादाचा. प्रसाद टाकायचा नाही ही आमच्याकडची श्रद्धा, आणि त्या श्रद्धेपोटी कालचा प्रसाद आज, आजचा उद्या, असा तो घराघरात मुरत राही. बुधीबाईंचे म्हणणे सरळ होते, की दोन-तीन तासांत खाऊन संपेल एवढाच करावा, आणि उरला तर खाऊ नये. पण मग त्याचे करायचे काय? टाका, असे त्या मला म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "ते तुमचं काम गुरुजी. तुमच्या पोथ्यांत बघा." मी पुष्कळ विचार केला. अन्न भूमीतून येते, ते तिला आदराने परत देणे हा टाकण्याचा प्रकार नव्हे, असा माझ्या मनाला कौल मिळाला. तेव्हापासून उरलेला प्रसाद संकल्प सोडून मंदिरामागच्या चिकूच्या मुळाशी पुरला जातो. आरंभी कुजबूज झाली. मी स्वतः खड्डा खणतो हे पाहिल्यावर ती थांबली.

यानंतर दर उत्सवाला एक क्रम पडला. पाकशाळेत जाण्यापूर्वी मी मांडवाच्या दाराशी उभा राहायचो आणि दोन्ही हात पुढे करायचो. बुधीबाई यायच्या, आधी तळवे पाहायच्या, मग हात उलटे करायला लावून नखे आणि बोटांची पेरे. त्या आता मला शिवत असत. पहिल्यांदा त्यांनी हात धरला तेव्हा मांडवातली दोन-चार माणसे थबकली आणि पुन्हा स्नान करणार का, असे माझ्याकडे पाहू लागली. मी आत गेलो आणि नैवेद्य केला. हातांत काही दोष नसला की त्या नुसती मान हलवत. एकदा तळव्याला फोड दिसला तर म्हणाल्या, "आज देवाला दुसऱ्याच्या हातचं खाऊ द्या, त्याला बदल होयल." आणि मी बाहेर बसलो. बाहेर बसून पाहिलेला तो उत्सव मला फार शांत वाटला होता.

गेल्या वर्षभरात त्यांना दम लागत असे, म्हणून संगीताने त्यांना तलासरीला आपल्याकडे नेले. मी संक्रांतीनंतर भेटायला गेलो तेव्हा त्या अंगणात खाटेवर होत्या, फार वाळल्या होत्या. संगीताने पेज आणली, तर त्यांनी आधी तिच्या हातांकडे पाहिले, ती हसून म्हणाली, "धुतले गं आत्या, सगळी स्तुती म्हणून धुतले." मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी समजलो आणि खाटेशी बसून हात पुढे केले. त्यांची दृष्टी अधू झाली होती, म्हणून त्यांनी बोटांनीच चाचपून पाहिले, एकेक पेर... त्या जुन्या व्रणावर त्यांचा अंगठा थोडा वेळ थांबला. मग म्हणाल्या, "नखं वाढली." एवढेच आमचे शेवटचे बोलणे.

त्यांच्या दिवसकार्याला मी गेलो होतो आणि पंगतीत बसून जेवलो. जेवणाआधी नळाशी मोठी रांग होती. जाळीत साबण होता. या वर्षीच्या रामनवमीला संगीता तलासरीहून आली आणि मांडवातली चूल तिने पेटवली. ती भाजीच्या टोपल्या उतरवून घ्यायला रस्त्यापर्यंत गेली होती, तेवढ्यात मी स्नान करून, सोवळे नेसून मांडवाच्या दाराशी आलो, आणि सवयीने दोन्ही हात पुढे केले. आत कोणी नव्हते. आधण ठेवले होते, ओगराळे खुंटीला होते. मी क्षणभर तसाच उभा राहिलो, मग माझे मीच पाहिले, आधी तळवे, मग हात उलटे करून नखे आणि पेरे, त्यांच्या क्रमाने. डाव्या अंगठ्याशी, पहाटे बेल काढताना काटा लागला होता, तिथे एक बारीक ओली रेघ होती. चष्मा नसता तर दिसली नसती.

मी पाकशाळेकडे गेलो नाही. मालतीला बोलावले आणि म्हणालो, आज पोहे तू कालव. आमच्या मंदिरात नैवेद्य बाईमाणसाने कधी केला नव्हता. ती नळापाशी गेली, जाळीतला साबण घेतला आणि हात चोळत सावकाश स्तुती म्हणू लागली. मी मांडवात बसून ती शेवटपर्यंत ऐकली.